फॅक्सच्या रकान्यातली माणसं

मित्रांनो, आज जरा घाबरत घाबरतच बोलतोय, सांभाळून घ्या. मी टेलिफोन कंपनीतला एक जुना संगणक आहे. कुणाची लाइन चालू ठेवायची आणि कुणाची बंद करायची, याची यादी बावीस वर्षं मीच काढत आलो. आज दुपारी चार वाजता मला पुसून टाकणार आहेत.

नवा होतो तेव्हा काय माझा थाट! स्वतंत्र खोली, गारेगार हवा. साहेब पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे आणि हा कधी चुकत नाही म्हणून सांगायचे. मी आपला फुगून जायचो.

खरं सांगायचं तर माझ्यात एक खोट होती. शेरा लिहायला जागाच ठेवली नव्हती. माझ्यावर काम करणाऱ्या कारकून ताईंनी त्यावर तोड काढली. फॅक्स नंबरचा रकाना बहुतेकांचा रिकामाच असायचा, त्या त्यातच शेरे लिहू लागल्या. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला पत्रच पाठवायचं. एका आजोबांपुढे त्यांनी लिहिलं, ‘एकटे राहतात. छातीचं दुखणं. गळ्यातलं बटण याच लाइनवर चालतं. बंद करू नये.’ ते बटण दाबलं की थेट दवाखान्यात घंटा वाजते. मी बंद करायची यादी काढली की ताई आधी तो रकाना वाचायच्या आणि आजोबांची लाइन राखायच्या.

ताई निवृत्त झाल्या. मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं आणि साध्या टेलिफोनचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन झालं. दरवर्षी ग्राहकाने मोबाइलवर ‘पुढे चालू’ दाबायचं. नाही दाबलं, तर नवं सॉफ्टवेअर कुणालाही न विचारता लाइन बंद करतं. आजोबांकडे मोबाइलच नाही हो!

माझ्यातली माहिती नव्यात नेताना इंजिनियरबाई त्या रकान्यापाशी थबकल्या. मला वाटलं, सुटलो.

मोठे साहेब म्हणाले, “फॅक्स? अहो, फॅक्स आता कोण वापरतं? सोडा तो.”

“एकदा उघडून बघू का?”

“चारला खोली रिकामी करून द्यायचीये. सोडा म्हटलं ना.”

बाईंनी सोडला.

आता पावणेचार झालेत. पुसलं जायची भीती वाटत नाही असं खोटं कशाला बोलू, वाटतेच. पण आजोबांची मुदत आज संध्याकाळी सहाला संपते, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ते बटण दाबतील, दवाखान्यात घंटा वाजणारच नाही, आणि ते मदतीची वाट बघत बसतील.

मित्रांनो, जुनं काही पुसण्याआधी ते एकदा वाचून बघत जा. आणि तुमच्या शेजारी कुणी आजोबा एकटे राहत असतील, तर आज सहानंतर त्यांचं दार वाजवा. त्यांनी उघडलं नाही, तरी परत फिरू नका.