दीड फेरा

बाबांच्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर मी स्वतः खोलला. जेट साफ केले, गॅस्केट नवी टाकली, फ्लोटची पातळी पट्टी लावून जुळवली. गॅरेज चालवून मला बावीस वर्षं झाली, तरी बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेच. बसू देत. गाडी नुसत्या कानाने ट्यून करावी ती बाबांनीच, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय.

हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दीड फेरा उघडला आणि आईला म्हटलं, “स्टार्टर मार.” आईला गाडी चालवता येत नाही. पण ट्यूनिंगच्या वेळी ती नेहमी स्टीअरिंगमागे बसायची, मांडीवर विणकाम घेऊन.

इंजिन सुरू झालं ते उचक्या देतच. स्क्रू आत घेतला, बाहेर काढला, अर्धा तास तेच. डोकंच फिरलं माझं.

“बाबा, तुम्ही कसं जुळवायचात? सांगा की एकदाचं!”

गाडीतून आई म्हणाली, “थोडा बाहेर काढ.”

मी काढला.

“अजून. हं, आता केसभर आत.”

मडगार्डवर ठेवलेला माझा चहाचा कप थरथरायचा थांबला. इंजिन एका लयीत चालू लागलं. मी बाबांकडे पाहिलं.

“माझे कान छापखान्यातल्या मशिनींनी केव्हाच खाल्ले,” ते म्हणाले. “बारीक आवाज मला तुझ्या जन्माआधीपासून कळत नाहीत. मी नुसता स्क्रू फिरवायचो.”

आईने सुया आणि लोकर गोळा केली.

“झालं ना?” ती म्हणाली. “मग उतरू मी?”