खिडकीतली दोरी

साव्वा नेफ्योदिचने बंदुकीचा बोल्ट काढून बाजूला ठेवला, नळी खिडकीकडे रोखली आणि डावा डोळा मिटून, श्वास रोखून आत पाहिले.

"सरळ," तो म्हणाला आणि बंदूक शेजारच्या मेजावर सरकवली.

कॅप्टन प्लातोन अर्काद्येविच झीबिनने दस्त्यावर शिक्का टेकवला, हातोडी उचलली आणि सहज खिडकीकडे नजर टाकली. काचा आज लख्ख होत्या. शुर्मा नदीवरचे बर्फ आणि पलीकडच्या गोदामाचे छप्पर स्पष्ट दिसत होते. एवढे स्पष्ट का दिसते आहे, याचा विचार करताना त्याच्या लक्षात आले की खिडकीत दोरी नव्हती.

चौकटीत आडवी ताणलेली ती काळी दोरी म्हणजे या खोलीचा जीव होता. नळीतून पाहिले की तिची सावली आतल्या पोलादावर उतरे. सावली सरळ असेल तर नळी सरळ. सावली मध्येच मुरडली तर नळी वाकडी. दोरी नसेल तर आत नुसता उजेड दिसतो आणि उजेडावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

"अग्राफेना!" कॅप्टनने दाराशी फरशी घासणाऱ्या बाईला हाक मारली. "इथली दोरी कुठे गेली?"

"ती होय? सकाळी काढली की, हुजूर. जनरलसाहेब यायचेत, काचा पुसा म्हणालात ना? नुसती काजळी धरली होती तिच्यावर." ती हसली. "साव्वाबाबांच्या डोळ्यांदेखत काढली. एका शब्दाने बोलले नाहीत."

"तू जा आता."

ती बादली उचलून गेली. सकाळपासून साव्वाने चाळीस बंदुकांना सरळ म्हटले होते आणि चाळीस शिक्के पडले होते. 

म्हातारा हिरव्या कफ्तानात ताठ बसला होता. झारच्या सरकारने मानाचा म्हणून दिलेला हा लांब डगला. अख्ख्या कारखान्यात असे सहाच जण. तो अंगावर आला की कारागिराचा शब्द कुणी तपासत नसे. कॅप्टन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या डोळ्यांपुढे बोट हलवले. साव्वाची नजर तसूभरही हलली नाही.

"कधीपासून?" कॅप्टनने विचारले.

साव्वाने मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले. "दोन हिवाळे झाले. आधी धुकं होतं, आता तेही नाही. भट्टीसमोर तीस वर्षं काढली, हुजूर, तिने आपला वाटा घेतला."

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तुम्ही होतात ना! माझ्यानंतर प्रत्येक नळी तुम्ही बघायचात, डोळ्यांत तेल घालून. माझ्या हातून सुटलीच, तर तुम्ही धराल, असं म्हटलं मनाशी." तो थांबला. "बघत होतात ना?"

कॅप्टनने हातातली हातोडी मेजावर ठेवली. इथे आल्यावर पहिली काही वर्षे त्याने खरोखरच प्रत्येक नळी पाहिली होती. पुढे साव्वाला कफ्तान मिळाला आणि कफ्तानवाल्याने पाहिलेले पुन्हा काय पाहायचे, म्हणून तो नुसते शिक्के मारू लागला. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

बाराला जनरल येणार होते. बंदुकांच्या या खेपेनंतर कारखान्याची सूत्रे झीबिनच्या हाती यायची होती; चौदा वर्षे त्याने याचीच वाट पाहिली होती. उद्या खेप घेऊन रेजिमेंट डॅन्यूबकडे लढाईवर निघायची होती. तिच्यात त्याचा धाकटा भाऊ वालेर्यान होता, हट्टाने साधा शिपाई म्हणून भरती झालेला.

कॅप्टनने खिशातून दोरा काढला, काजळीत काळा केला आणि स्वतःच्या हाताने चौकटीत ताणून बांधला. मग शिक्के बसलेल्या बंदुकांचे खोके ओढले. एकेकीचा बोल्ट काढून तो नळी डोळ्याला लावू लागला. पहिलीत सावली टोकाशी वळली होती. दुसरीत मध्यावर. बऱ्याच वेळाने एकीत सावली या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. तिच्या पट्ट्याला त्याने चिठ्ठी बांधली आणि वर भावाचे नाव लिहिले.

"अकरावी ही," साव्वा म्हणाला. तो बोल्टचे आवाज मोजत होता. "आधीच्या दहा?"

"परत खोक्यात."

म्हातारा पुढे झुकला. मग त्याचा आवाज अगदी खाली आला. "माझ्या लेकीचा मुलगा फोमा त्याच रेजिमेंटमध्ये आहे, हुजूर. दुसरी कंपनी. त्याच्यासाठीही एक बघाल?"

कॅप्टनने बारावी उचलली. तेवढ्यात फाटकाशी स्लेजच्या घंटा वाजल्या. त्याने बंदूक खाली ठेवली आणि गळ्याचे बटण लावले.

"आता वेळ नाही, साव्वा नेफ्योदिच."

जनरल आत आले तेव्हा साव्वा खोक्यापाशी गुडघे टेकून बसला होता. एकेका नळीवरून तो बोटे फिरवत होता, थांबत होता, पुन्हा पहिल्यापासून फिरवत होता. ओठांतल्या ओठांत तो फोमाचे नाव घेत होता.

"वा!" जनरल दारातच थबकले. "शिक्का बसल्यावरही हात फिरवून बघतोय! असा माणूस असल्यावर तुम्हाला कसली काळजी, झीबिन?"

"कसलीच नाही, महाराज," कॅप्टन म्हणाला, आणि त्यांच्यापुढे सहीसाठी कागद सरकवला.