गारठलेला सेल

मी ढोकीच्या विठाबाईंच्या कानाचं यंत्र बोलतंय. काड्यापेटीहून थोडं मोठं, पोटात एक सेल आणि कानापर्यंत जाणारी वायर. एवढाच माझा पसारा.

लहानपणी तापात विठाबाईंचे कान गेले. लग्न झालं तेही तसंच. नवरा आबाराव साखर कारखान्यात पहारेकरी. त्र्याऐंशी साली त्यांनी मला सोलापूरहून आणलं, वायरीचं टोक बायकोच्या कानात बसवलं आणि म्हणाले, "विठा, ऐकू येतंय का?"

बाई दचकल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. "असा हाय व्हय तुमचा आवाज? लई घोगरा!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती.

तेव्हापासून मी त्यांच्या झंपराला शिवलेल्या खिशात. दुकानदारानं घामापासून जपायला सांगितलेलं, म्हणून झोपताना त्या मला खिडकीत ठेवायच्या. थंडीत तिथं सेल गारठायचा, आणि गारठलेल्या सेलात जोर राहत नाही. सकाळी बाई तो मुठीत धरायच्या. ऊब लागली की मी बोलू लागायचं.

पुढच्या जानेवारीत थंडीनं कहर केला. सेलही जुना झाला होता. एका पहाटे आबारावांचा दमा उसळला. शेजारच्या मुक्ताबाई कारखान्याची जीप आणायला धावल्या. बाईंनी मला कानाला लावलं. मी मुकं. आबाराव काहीतरी सांगत होते, पण धापेनं ओठ असे थरथरत होते, की बघूनही काही कळेना.

"थांबा वो, जरा थांबा!" म्हणत बाईंनी सेल तळहातांत चोळला, चुलीच्या धगीला धरला, परत बसवला.

मला जाग आली तेव्हा खोलीतली धाप थांबली होती. बाईंच्या कानी आला तो त्यांचाच हंबरडा.

"काय म्हनले असतील गं?" त्या मुक्ताबाईंना महिनाभर विचारत राहिल्या. एकदा मुक्ताबाई वैतागून बोलून गेल्या, "पानी मागितलं असंल."

त्या दिवसापासून बाईंच्या घशाखाली पाण्याचा घोट धड उतरत नाही. "आता कुनाचं ऐकायचं?" म्हणून त्यांनी मला डब्यात टाकलं. सेल पाझरून माझं पोट कुजलंय. तरी कधीमधी झाकण उघडतं आणि त्या विचारतात, "तू तरी ऐकलंस का?"

नाही हो बाई. तेव्हा मीही बहिरंच होतं. मला उकिरड्यावर टाका, पण ते पाणीच मागत होते असं धरून बसू नका.

हे सांगायला माझ्यात आवाज उरलेला नाही. बाई झाकण लावतात.