नदीच्या उतारावरची तांबडी खूण

मित्रांनो, कापडावर डकवलेला मी एक जुना नकाशा. माझ्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत, पण मधली नदी अजून ठळक दिसते.

मला एका मोजणीदाराने काढले. तो परक्या फौजेत नोकरीला होता. मोजणीसाठी डोंगरातल्या एका वस्तीत तो आठ दिवस राहिला. तिथल्या एका म्हातारीने त्याला नदीचा उथळ उतार दाखवला. "इथूनच ये-जा कर, बाबा. बाकी सगळीकडे डोह आहेत," ती म्हणाली. त्याने तिथे तांबड्या शाईने खूण केली. फौजेच्या कप्तानाने माझ्या सुबक रेषांची तारीफ केली, तेव्हा मीही फुशारून गेलो.

महिन्याभराने वस्तीने फौजेला धान्य द्यायचे नाकारले. कप्तानाने मला दगडावर पसरले आणि तांबड्या खुणेवर बोट ठेवले. "तीन बाजूंनी आग लावा. माणसं इकडेच पळतील."

तसेच झाले. घरे पेटली. बाया पोरांना काखेत घेऊन उताराकडे धावल्या आणि पलीकडच्या काठावरून बंदुका सुटल्या. पुढचे पाण्यात पडले, त्यांच्यावर मागचे पडले. जे उलटे फिरले त्यांना संगिनींनी भोसकले. म्हातारी गुडघाभर पाण्यातच संपली. मोजणीदार माझ्या शेजारी उभा होता.

"किरकोळ चकमक. आपले नुकसान नाही," असा अहवाल कप्तानाने लिहिला आणि वस्तीचे नाव माझ्यावरून खरवडायला लावले. मोजणीदाराने ते निमूटपणे खरवडले. मग तंबूत जाऊन त्याने मला पालथे घातले आणि मेलेल्यांपैकी जी नावे त्याला ठाऊक होती, ती माझ्या पाठीवर पेन्सिलीने लिहिली. एकोणीस नावे.

पुढे शंभराहून जास्त वर्षे मी दप्तरखान्याच्या कपाटात पडून राहिलो. अशा विसरलेल्या मोहिमांची यादी करायला एक बाई आल्या, तेव्हा कुठे मला उजेड दिसला.

"किरकोळ आहे हो ते," मुख्य दप्तरदार त्यांना म्हणाले. "एक ओळ लिहा आणि पुढचं घ्या."

बाईंनी मला उलटवले. पेन्सिलीच्या फिकट ओळींवरून त्यांनी बोट फिरवले.

"सर, इथं माणसांची नावं आहेत. बसा जरा. मी वाचते, तुम्ही लिहून घ्या."

दप्तरदार खुर्ची ओढून बसले आणि लिहू लागले. सतराव्या नावानंतर बाई थांबल्या. दमटपणाने तिथले कापड कुजून पुढची अक्षरे गेली होती.

मित्रांनो, माझ्यासारखे कागद तुमच्या हाती आले तर ते कोरड्या हातांनी धरा, ओलीपासून जपा. त्या दोन माणसांना आता कोणीच हाक मारू शकत नाही.