मधलं छान आहे

मित्रांनो, माणसाला गेलेली दृष्टी परत मिळणार की नाही, याचा निवाडा ज्याच्या भिंगातून होत असे, तो थोर न्यायाधीश मीच. सध्या माझ्यावर एक ओला टॉवेल वाळत घातला आहे.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझं भिंग पेशी वाढवायच्या काचेच्या ताटलीच्या खाली असतं, त्यामुळे सगळ्यांकडे खालून बघण्यात माझा जन्म गेला. नोकरीत याचा फायदा होतो म्हणतात. मला झाला नाही.

आमच्या प्रयोगशाळेत मेलेल्या माणसाने दान केलेला डोळा येई. बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा पातळ पापुद्रा असतो; बुबुळ काचेसारखं स्वच्छ राहतं ते त्याच्याच जिवावर. तिथे काम करणारी आक्का तो पापुद्रा चिमट्याने सोलून काढी, पेशी सुट्या करी आणि ताटलीत, उबेत, पोटच्या पोरींसारख्या वाढवी. मग त्या माझ्यासमोर परीक्षेला बसत. पहिली परीक्षा निळ्या रंगाची. मेलेली पेशी रंग पिऊन निळी होते, जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. दुसरी परीक्षा रूपाची. मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी चांगल्या. ज्या ताणून दोऱ्यासारख्या होतात, त्या जिवंत असतात, पण कामातून गेलेल्या. अशी माणसंही मी पाहिली आहेत. त्यांना बढती मिळते.

ताटली सरकवायला माझ्या अंगाला एक स्क्रू आहे. तो फिरवला की ताटलीची कड दिसते. पण मध्यभागी पेशी नेहमीच दाट, देखण्या. पाहुणे आले की साहेब म्हणत, “मध्ये बघा, मध्ये!” पाहुणे वा वा करत. हळूहळू साहेबही मध्येच बघू लागले. स्क्रू गंजून घट्ट बसला.

अशात आक्काच्या धाकट्या भावाची पाळी आली. तो शिंपी. दोन्ही बुबुळं धुरकटलेली. सुई ओवायला गिऱ्हाइकाच्याच हातात देई.

“आक्के, पोरींना नीट वाढव हं,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यात नांदायला यायचंय त्यांना.”

“गप रे. आधी पास तर होऊ देत.”

निळ्या रंगाची परीक्षा उत्तम गेली. आक्का माझ्यावर वाकली. मध्ये पोळं कसं सुरेख! तिचा हात स्क्रूवर गेला. स्क्रू हलेना. हात तिथेच थांबला. ही खेप नापास केली, तर दुसरा डोळा कधी येणार? कुणीतरी मरायची वाट तरी किती बघायची?

“काय गं, झालं का?” साहेबांनी विचारलं.

“मधलं छान आहे.”

“मग अडलंय कुठे?”

भावाच्या एका डोळ्यात पेशी सोडल्या. सोडताना मधल्या, कडेच्या सगळ्या एकत्रच जातात. त्या बुबुळाला चिकटाव्यात म्हणून तो तोंड खाली घालून निमूट पडून राहिला.

बुबुळ स्वच्छ झालं नाही. आधी धुरकट होतं, आता दुधी काच झालं.

त्याच खेपेची एक ताटली राखून ठेवलेली होती. आक्काने ती माझ्यावर ठेवली आणि पक्कड लावून स्क्रू फिरवला. मी करकरलो. कडेला सगळे दोरेच दोरे. लांब, जिवंत, निरुपयोगी.

संध्याकाळी भाऊ भिंत चाचपडत तिला न्यायला आला.

“आक्के, तू स्वतः बघितल्या होत्यास ना?”

“बघितल्या होत्या.”

“मग चूक नसणार. माझंच नशीब फुटकं.”

आक्काने माझा दिवा बंद केला. पुढे पडद्याचं नवं यंत्र आलं आणि मी मोरीशेजारच्या कट्ट्यावर आलो. पाहुणे अजून येतात. “मध्ये बघा, मध्ये!” मला इथवर ऐकू येतं.

मित्रांनो, यंत्रांना वेळेवर तेल द्या. आणि ज्यात आपला जीव अडकलाय, ते तर आधी कडेला बघा. मधलं छान असतंच. एवढं जमणार नसेल, तर निदान हा टॉवेल तेवढा उचला. इथे ऊन येत नाही, तो वाळायचा नाही.