बटण बंद, दिवा चालू

मागच्या खोलीतला एलईडी दिवा बटण बंद केल्यावरही विझत नव्हता. अगदी लख्ख नाही, पण काजव्यासारखा मंद उजेड देत राहायचा. साईनाथने हे पहिल्यांदा पाहिलं ते भर दुपारी, खोलीची खिडकी लावून घेतल्यावर. त्याने बटण दोनदा खालीवर केलं. दिवा पुन्हा तसाच.

त्या खोलीचं वायरिंग त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. धसईच्या वायरमनला चार वेळा बोलावलं, तो आला नाही. मग साईनाथने मोबाइलवर व्हिडिओ बघून पट्ट्या ठोकल्या, वायरी ओढल्या, होल्डर बसवला. दिवा लागला तेव्हा बायकोला, संगीताला, हाक मारून दाखवला होता. त्यामुळे आपल्या कामात खोट असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. मनात आला तो लडकू.

लडकू त्याचा चुलतभाऊ, वयाने मोठा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि दिवा नेमका त्याच भिंतीवर.

"बटण बंद असून दिवा जळतोय म्हंजे वीज कुठंतरी जातेय," तो संगीताला म्हणाला. "कोनतरी ओढतंय."

"अवो, असं कसं कोन ओढंल?"

"भिंतीपलीकडं कोन राहतं?"

संगीताने त्या भिंतीकडे बघितलं.

संशय एकदा घरात शिरला की त्याला पाट मांडावा लागत नाही, तो आपणच बसतो. दोन दिवसांपूर्वी पलीकडून ड्रिल मशीनचा आवाज आला होता, त्याच भिंतीतून. साईनाथने भिंतीला कान लावला होता. घर्रर्र, मग थांबणं, मग परत घर्रर्र. लडकूच्या घरात कित्येक वर्षांत एक खिळा ठोकलेला कुणी पाहिला नव्हता. आता अचानक ड्रिल कशाला? शिवाय परवा लडकू त्याच्याकडून टेस्टर मागून घेऊन गेला होता. "कशाला रे दादा?" विचारलं तर "हाये जरा काम," एवढंच बोलला आणि नजर चुकवून गेला.

साईनाथने मेन स्विच पाडून बघितलं. दिवा पूर्ण विझला. म्हणजे वीज आपलीच होती! आता तर त्याची खात्रीच पटली. सकाळी धसईच्या बाजारात चहा पिताना तो रोज तिथे भेटणाऱ्या भगीरथला आणि हितेशला सांगून मोकळा झाला, "आमचा लडकूदादा माज्या लायनीवर हाय." दोघांनी चहाचे पेले खाली ठेवले नाहीत, पण ऐकायचं तेवढं ऐकलं.

गोष्ट लडकूपर्यंत पोचायला दुपार लागली. तो दारात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"साईनाथ, चल माज्या घरात. बघ काय ओढलंय मी."

साईनाथ गेला. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक लोखंडी दांडा बसवलेला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लडकूची बायको सोनी त्या दांड्याला धरून उभी होती. पावसाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. दांड्यावरची बोटं घट्ट, एक पाय ओढत ती दोन पावलं आली आणि हसली.

"येवडं चालते मी आता, भाऊजी."

"भोकं पाडताना तुजी वायर लागंल म्हणून टेस्टर नेलता," लडकू म्हणाला. "सांगितलं नाय, कारण तिला लोकांनी बघायला आलेलं आवडत नाय."

साईनाथने मान डोलावली. तरी घरी येताना मन आतून म्हणालंच, दांड्याच्या मागे वायर नसेल कशावरून? दांडा तर भिंतीला टेकूनच होता. त्याने स्वतःला शिवी घातली, पण प्रश्न काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संगीताने कोळ्याची जाळी काढायला ओलं फडकं घेतलं. बटण बंद केलं, लोखंडी खाटेवर उभी राहिली, एक हात ओल्या भिंतीला टेकवला आणि होल्डर पुसायला गेली. झटका असा बसला की ती खाटेवरून खाली पडली. ओरडणं ऐकून आधी धावला तो लडकू. त्याने तिला हातही लावला नाही, आधी मेन पाडला, मग उचलून बसवली. नशिबाने फक्त कोपर खरचटलं. साईनाथ कामावरून आला तेव्हा ती पाणी पीत होती आणि लडकू दारात उभा होता.

संध्याकाळी संगीतानेच मुरबाडहून प्रियांकाला बोलावलं. त्या पोरीने आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला, पंचायतीची कामंही ती करायची. तिने बटणाची पाटी उघडली आणि साईनाथकडे बघितलं.

"काका, सगळ्या वायरी एकाच रंगाच्या घेतल्यात?"

"घरात तीच गुंडाळी होती."

"म्हणून फसलात. बटण फेजवर, म्हंजे वीज आणणाऱ्या वायरीवर पायजे. तुमी न्यूट्रलवर, परतीच्या वायरीवर घातलंय. बटण बंद केलं तरी होल्डरात फेज तसाच राहतो. म्हणून दिवा मिणमिणतो, आणि म्हणून काकींना करंट बसला." तिने टेस्टर लावून दाखवला. बटण बंद, टेस्टर लाल. "वीज कोन ओढत नाय. तुमीच सोडून ठेवलीय."

"व्हिडिओत बोलला होता, एक वायर तोडून बटणात द्या."

"कुठली, ते पन बोलला असंल की."

साईनाथने व्हिडिओ अर्ध्यावर थांबवला होता. ते तो कुणाला बोलला नाही.

प्रियांकाने जोडणी बदलली. दिवा बटणासरशी विझला, पूर्ण काळोख झाला. साईनाथ तिला घेऊन शेजारी गेला आणि लडकूपुढे उभा राहिला.

"दादा, चूक माजी. तुजा काय संबंध नव्हता."

"मला म्हाईत होतं," लडकू म्हणाला. "या पोरीला सांग, दांडा लोखंडी हाये, आमच्याकडं अर्थिंग बघायला पायजे. आन् दुसरं, बाजारात ज्यांना सांगितलंस, त्यांनाच सांग. मला नको."

सोनी दांडा धरून उभी होती.

सकाळी साईनाथ बाजारात चहाच्या टपरीवर गेला. भगीरथ आणि हितेश नेहमीच्या बाकावर होते. त्याने चहा मागवला नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.