चौकातला बोर्ड आणि जपानचा अर्ज

बायोडाटातली एक ओळ लिहायला मला तीन दिवस लागले. ‘पेटंटचे अर्ज: जपान व जर्मनी, २००३. निर्णय बाकी. तीन संशोधकांत तिसरं नाव.’ खाली दोन्ही अर्जांचे नंबर. खरं तेवढंच होतं.

पुण्याच्या कंपनीत असताना मोबाइलच्या बोटभर पडद्यावर मराठी जोडाक्षरं कशी बसवायची, याची युक्ती आम्ही तिघांनी काढली. माझा वाटा घरूनच आलेला. अब्बा म्हणजे मौलाली पेंटर, शिवाजी पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. लांबलचक नाव आखूड फळीवर बसवताना ते अक्षराचं पोट कुठं आवळतात, हे बघतच मी मोठी झाले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला आणि मी पुणं सोडून घरी आले. डॉक्टरांनी त्यांची शिडी बंद केली. घरात आम्ही दोघंच. माझ्या कामाची कंपनी इथं एकच होती, राजारामपुरीत. ती नोकरी हुकली तर परत पुणं, आणि अब्बा इथं एकटे. मला भीती वाटत होती, ती याचीच.

त्यात सयाजी. आमच्या तालमीचा सेक्रेटरी, सगळ्या गल्लीचा फुकटचा सल्लागार.

“अर्ज काय लिवतीस सबिना? मिळालं म्हणून ठोक की! जपानला कोण बघाय जातंय?”

“तू तुझ्या तालमीचं बघ,” म्हणून मी त्याला वाटेला लावलं. पण हार मानेल तो सयाजी कसला! तो गेला थेट अब्बांकडं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी चौकात बोर्ड झळकला. ‘जपान व जर्मनीचे पेटंट मिळविल्याबद्दल कु. सबिना हिचे हार्दिक अभिनंदन!’ अक्षर अब्बांचं. घरामागं बसून रंगवलेलं, तालमीच्या पोरांनी नेऊन टांगलेलं.

मी घरात शिरले ती आगीसारखीच. “अब्बा, मिळालं न्हाय अजून! उद्या कंपनीतल्या कुणी बघितलं, तर थापाडी ठरणार मी!”

“सयाजी म्हणला, नुसत्या अर्जाला कोण बोर्ड लावतंय व्हय,” अब्बा पुटपुटले. मी आणखी दोन शब्द जास्तच बोलले. रात्री ते ताटावरून लवकरच उठले.

सकाळी त्यांचा डोळा लागलाय असं बघून मी लवकरच निघाले. मुलाखत घ्यायला रूपाली मॅडम होत्या. त्यांनी बायोडाटातल्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

“मी शिवाजी पेठेतूनच येते. तुमच्या चौकात बोर्ड आहे.”

“तिथं पेटंट मिळालंय, इथं अर्ज आहे. खरं कुठलं?”

“इथलं,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे. काल इंटरनेटवर नंबर टाकून बघितले. नाव तिसरंच आहे.” त्या हसल्या. “पण बोर्डाचं कोडं सुटेना, म्हणून आज येताना गाडी थांबवली. एक वयस्कर गृहस्थ शिडीवर चढून बोर्ड रंगवत होते. विचारलं, तर म्हणाले, ‘चुकलं माझं, बाई. पोरीनं अर्ज केलाय, मिळालं न्हाय अजून. तिच्या नावावर खोटं नको.’” त्यांनी बायोडाटा मिटला. “सोमवारपासून या कामावर.”

दोन महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला. आणि मग ध्यानात आलं. शिडीवर?

रिक्षा केली आणि चौक गाठला. अब्बा तालमीच्या कट्ट्यावर चहा पीत बसले होते, धडधाकट. वर बोर्डावर ‘जर्मनीचे पेटंट मिळविल्याबद्दल’च्या जागी ‘जर्मनीच्या पेटंटसाठी अर्ज केल्याबद्दल’ आलं होतं. जागा तेवढीच, अक्षरं जास्त, म्हणून प्रत्येकाचं पोट आवळलेलं.

“शिडीवर कशाला चढलासा? जीव नकोसा झालाय व्हय?”

“सयाजीनं धरली हुती की घट्ट. म्हटलं, खोटं तू लिवाय लावलंस, आता शिडी तूच धर.” त्यांनी कप खाली ठेवला. “नोकरीचं काय झालं?”

“लागली,” मी म्हटलं. चौकात, सगळ्यांदेखत, मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

सयाजी लगेच पुढं सरसावला. “मग आता नोकरीचा बोर्ड...”

“रंगवू की,” अब्बा म्हणाले, “सोमवारी ती कामावर जाऊ दे, मग.”

अब्बांची शिडी मात्र मी तिथल्या तिथं तालमीला देऊन टाकली.